बदकं हिरवी कशी झाली

पावतीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण नगर कार्यालयाच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलेल्या, आणि कुणी रस्त्यात सापडलेली छत्री आणून दिली तरी तिचीही पावती फाडणाऱ्या बाईला लोक दुसरं म्हणणार तरी काय? अध्यक्षसुद्धा त्यांना पावतीबाईच म्हणत, फक्त आधी 'अहो' लावून.

त्या वर्षी पावतीबाईंच्या डोक्यात एकच भुंगा होता. ड्रेनेज लाइन.

गाव वाढलं होतं. दहा वर्षांपूर्वी जिथे जेमतेम दीडशे घरं होती, तिथे आता चारशे बारा झाली होती. ओढ्याच्या अलीकडे जुनी वस्ती, पलीकडे नवी वसाहत. प्रत्येक घरामागे जमिनीत एक सेप्टिक टाकी, आणि त्या सगळ्या टाक्या उपसायला अख्ख्या गावात मिळून एक टँकर. तो चालवायचे पावतीबाईंचे धाकटे दीर. गावानं त्यांना अत्तरवाले म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी रागावायच्या ऐवजी तेच नाव टँकरच्या मागे झोकदार अक्षरांत रंगवून घेतलं. पूर्वी भाऊजींना दुपारी तासभर झोप मिळायची. आता जेवायलाही टेकता येत नव्हतं.

"वहिनी," ते म्हणायचे, "एक टाकी रिकामी करून गाडी वळवतो ना, तोवर मागची भरलेली असते. लोक खातात तरी किती!"

"तुम्ही खिडकीपासून लांब उभे राहा आणि बोला," पावतीबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या.

लाइन टाकायची तर पैसा हवा. सरकार निम्मा देणार होतं. उरलेल्या निम्म्यासाठी जिल्ह्याची बँक कर्ज द्यायला तयार होती, पण अट घालून: दोन तृतीयांश घरांनी संमतीपत्रावर सही करायची आणि पंधरा वर्षं महिन्याला ठरावीक हप्ता भरायचा. हप्ता काही फार नव्हता, दोन सिनेमाच्या तिकिटांएवढा. पण सिनेमात निदान काहीतरी दिसतं. जमिनीखालच्या पाइपात काय दिसणार? दोनशे पंचाहत्तर सह्या हव्या होत्या. झाल्या होत्या त्रेसष्ट. आणि महिना संपायला अठरा दिवस उरले होते. त्यानंतर बँक तोच पैसा शेजारच्या गावाला देणार होती. त्यांचे अर्ज तयारच होते.

सभा भरली की तेच व्हायचं. जुन्या वस्तीतले म्हणायचे, "आम्ही पन्नास वर्षं राहतोय, आम्हाला कधी लाइन लागली नाही. घाण तुम्ही घेऊन आलात, तुम्हीच भरा." नवी वसाहत म्हणायची, "आम्ही प्लॉट घेतला तेव्हा बिल्डरनं सगळ्या सोयी लिहून दिल्या होत्या. आता परत कसले पैसे?" बिल्डर कधीच गाव सोडून गेला होता, तेव्हा त्याला कुणी काही विचारू शकत नव्हतं. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे त्यांनी 'पाइप' असा नुसता शब्द काढला तरी मागून कुणीतरी खोकायचं. बिचारे शेवटी पाइपाला 'ती वस्तू' म्हणायला लागले.

पण सगळ्यांच्या वरताण होते मास्तर.

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि उरलेलं निम्मं त्यांना तसंच घाबरायचं. शिवाय ते पावतीबाईंचे व्याही. पावतीबाईंची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. त्यामुळे इतर कुणालाही खिडकीतून दोन शब्द सुनावणाऱ्या पावतीबाई मास्तरांपुढे मात्र तोंडात गूळ धरल्यासारख्या बसायच्या.

त्या आठवड्यातल्या सभेत मास्तर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझ्या घराची टाकी अकरा वर्षांत एकदाही उपसलेली नाही. एकदाही! का? शिस्त. पाणी जपून वापरायचं, आणि वेळच्या वेळी. ज्यांना शिस्त नाही त्यांनी लाइन टाकावी. शिस्तीच्या माणसानं बेशिस्ताचा हप्ता का भरावा?"

टाळ्या पडल्या. जुन्या वस्तीतल्या वीसजणांनी खिशात घातलेली पेनं खिशातच राहिली.

घरी येताना पावतीबाईंनी दिरांना विचारलं, "भाऊजी, मास्तरांची टाकी तुम्ही खरंच कधी उपसली नाही?"

"शपथेवर. त्या गल्लीत जातो, पण त्यांच्या दाराशी कधी थांबलो नाही."

"घरात माणसं चार. टाकी केवढी असेल?"

भाऊजींनी हाताने माप दाखवलं. मग दोघांनी मनातल्या मनात गणित केलं आणि दोघंही रस्त्यात थांबली.

"वहिनी," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "शिस्तीनं इतकं नाही हो जिरत."

त्याच आठवड्यात जिल्ह्याहून एक तरुण इंजिनीअर बाई येऊन गेली. बँकेला घरटी संडासांची संख्या हवी होती, ती यादी तिनं पावतीबाईंच्या गळ्यात घातली. जाताना एक पुडीही टेबलावर ठेवली.

"ही रंगाची पूड. पाण्याला हिरवा रंग येतो. पावसाचं पाणी ओढ्यात जायला जी जुनी गटारं आहेत ना, त्यांत काही घरांनी चोरून संडासाचे पाइप सोडलेत असा मला संशय आहे. पुढच्या महिन्यात येते तेव्हा बघू. ज्या संडासात ही टाकू त्याचं पाणी जिथे निघेल तिथे हिरवं दिसेल."

"विषारी नाही ना?"

"अजिबात नाही. पण एक चमचा पुरे हं. पूड फार जहाल आहे."

पावतीबाईंनी पुडी मिळाल्याची पावती फाडली आणि पुडी खणात ठेवली. नंतरचे चार दिवस त्या पिशवी खांद्याला अडकवून घरोघरी संडास मोजत हिंडल्या. एकतीस घरं झाली. कुठे एक, कुठे दोन. एका घरात तर पाच निघाले आणि माणसं तीनच. प्रत्येक ठिकाणी त्या आत जाऊन बघायच्या, बाहेर येऊन वहीत आकडा लिहायच्या, आणि पुडी खणातच असायची.

रविवारी मात्र ती पिशवीत होती.

रविवारी लेकीकडे जेवायचं बोलावणं होतं. मास्तरांनी आग्रह करकरून वाढायला लावलं. पाणी जपून वापरण्याचे आणखी दोन उपाय सांगितले. पावतीबाई "हो का, व्याहीबुवा?" "अगंबाई!" करत जेवल्या, हात धुतले, आणि लेकीला म्हणाल्या, "जरा जाऊन येते गं."

आत कडी लावल्यावर त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. व्याह्यांच्या घरात, पोटभर जेवून, हे असलं! त्यांनी पुडी उघडली. चमचा आणायचा राहिला होता. बोटाच्या चिमटीनं घ्यावी म्हटलं तर बोटं रंगणार. तेवढ्यात बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "विहीणबाई, एकच बादली हं! अर्धीसुद्धा पुरते!"

पावतीबाई दचकल्या आणि अख्खी पुडी आत पडली.

त्यांनी एक बादली ओतली. हिरवं. दुसरी ओतली. अजून हिरवं. तिसरी ओतली तेव्हा बाहेर मास्तरांचं खाकरणं सुरू झालं. चौथीनंतर रंग जरा बरा दिसायला लागला, म्हणजे कच्च्या कैरीसारखा. पावतीबाई बाहेर आल्या, घामाघूम, आणि "पोट जरा..." एवढंच म्हणून निरोप घेतला.

सोमवारी सकाळी आठ वाजता कार्यालयाचं दार उघडायच्या आधीच पायरीवर माणूस बसला होता. नव्या वसाहतीतला. त्याला सगळे बदकवाले म्हणत. वसाहतीच्या बागेत बिल्डरनं जाहिरातीसाठी ओढ्याचं पाणी वळवून खणलेलं एक तळं होतं, त्यात या गृहस्थांनी चौदा पांढरीशुभ्र बदकं पाळली होती. त्यांच्या काखेत त्यातलंच एक होतं. मानेपर्यंत पांढरं आणि मानेखाली पोपटी.

"हे बघा!" ते ओरडले. "चौदाच्या चौदा! अख्खं तळं हिरवंगार झालंय. कुणीतरी विष कालवलंय!"

बदकानं पावतीबाईंकडे बघून 'क्वॅक' केलं. पावतीबाईंना हसू दाबताना ठसका लागला.

दहा वाजेपर्यंत कार्यालयासमोर पन्नास माणसं जमली. संध्याकाळी पाच वाजता अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत बदकवाले, मांडीवर पुरावा. तिसऱ्या रांगेत मास्तर, ताठ बसलेले, आणि त्यांच्या मागे पावतीबाईंची लेक. लेकीनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. ती आईकडे असं बघत होती की पावतीबाईंनी नजर वळवली.

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "कुणाला काही माहिती असेल तर..."

पावतीबाई उभ्या राहिल्या. गप्प बसणं शक्यच नव्हतं. विषाची आवई उठली की तपासाला माणसं आली असती.

"विष नाही," त्या म्हणाल्या. "तपासणीचा रंग आहे. इंजिनीअरबाईंनी दिलेला. दोन दिवसांत जाईल, बदकंही पांढरी होतील. मी तो टाकला."

"तळ्यात?" बदकवाले उठले.

"तळ्यात नाही. एका संडासात."

मांडीवरच्या बदकानं पंख झटकले. मग बदकवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"म्हणजे... माझी नातवंडं त्या तळ्यात पाय बुडवून बसतात... नाव सांगा! कुणाचं घर?"

"नाव! नाव!" वसाहतीची माणसं ओरडायला लागली.

पावतीबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. कालपर्यंत त्यांनी याच क्षणाची किती मजेत कल्पना केली होती! पण समोर दिसत होता एक म्हातारा माणूस. चष्मा हातात, ओठ कोरडे. आणि त्याच्या मागे त्यांची स्वतःची पोर.

"नाव," पावतीबाई सावकाश म्हणाल्या, "मी लिहून ठेवायला विसरले."

एक क्षण कुणाचा विश्वासच बसला नाही. पावतीबाई आणि लिहायला विसरल्या?

"या महिन्यात मी एकतीस घरांत संडास मोजायला गेले. पिशवी घेऊन. प्रत्येक घरात आत जाऊन बघितलं. आता कुठे टाकला..." त्यांनी हात उडवले. "वय झालं हो."

सभागृहात एकतीस घरांची माणसं एकतीस दिशांना बघायला लागली. किराणावाल्यानं बायकोच्या कानात काहीतरी विचारलं. बायकोनं त्याला कोपर मारलं. शिंपी एकाएकी बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्यानं तर चप्पल घातली होती. भाऊजी दाराशी उभे राहून हे सगळं बघत होते आणि मिशीत हसत होते.

मग पावतीबाईंना काय झालं कोण जाणे. नंतर त्या म्हणायच्या, जीभ आपोआप वळली.

"अजून एक पुडी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "लाल. उद्या नऊपासून पहिल्या गल्लीपासून परत सुरुवात करीन म्हणते. या वेळी नीट लिहून ठेवीन. अर्थात, ज्यांची संमतीपत्रावर सही आहे त्यांच्याकडे तपासायचं काही कारणच नाही. त्यांचे पाइप लाइनला जोडले जाणारच आहेत."

अध्यक्ष त्यांच्याकडे बघतच राहिले. सभा कशी संपली ते कुणाला कळलं नाही. सगळ्यांना अचानक घरी कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीसमोरची रांग पार बेकरीपर्यंत गेली होती. जो तो सही करताना शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "आमचा काही प्रश्न नाही, आम्ही आपलं गावासाठी." पावतीबाई प्रत्येकाला पावती फाडून देत होत्या. एकतीस घरं तर आलीच, पण ज्यांच्या घरी त्या कधी गेल्याच नव्हत्या अशी शंभर घरंही आली. दुपारी अध्यक्ष खिडकीत डोकं घालून कुजबुजले, "अहो पावतीबाई, ती लाल पुडी कुलपात ठेवलीय ना? चुकून सांडायची."

"कुठली लाल पुडी?" पावतीबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग त्यांना इतकं हसू फुटलं की त्यांना मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत लेक आली. आल्या आल्या तिनं पदराखालचे हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. मनगटापर्यंत हिरवे.

"रविवार संध्याकाळपासून संडासाचं भांडं घासतेय मी. ब्रश गेला, साबण गेला. आई, तू आमच्याकडे जेवायला आली होतीस की छापा टाकायला?"

पावतीबाईंचा चेहरा पडला. "तुझ्या सासऱ्यांना कळलं?"

"त्यांनीच तर मला सांगितलं की गप्प बस. रात्रभर येरझाऱ्या घालत होते." लेक खुर्चीत बसली आणि तिचा राग एकदम ओसरला. "मला त्या पाइपाचं दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. परसात कुंडी हलवताना दिसला. बोलायची हिंमत झाली नाही. निदान मला विचारायचंस गं. मीच टाकला असता. चमच्यानं."

दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि हसता हसता पावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव घेतलं असतं तर ही पोर उद्यापासून कुठल्या तोंडानं त्या घरात वावरली असती, हा विचार त्यांना तेव्हा कुठे नीट सुचला.

कार्यालय बंद व्हायच्या वेळी मास्तर आले. रांग संपली होती. ते खिडकीसमोर उभे राहिले, शाळेत मुलं त्यांच्यासमोर उभी राहायची तसे.

"विहीणबाई, तुम्ही नाव का सांगितलं नाहीत?"

"लिहायला विसरले."

"खोटं बोलू नका. दोघांनी एकाच वेळी खोटं बोलणं बरं नाही." त्यांनी चष्मा काढला. "अकरा वर्षांपूर्वी टाकी भरून परसात पाणी आलं. तेव्हा आमच्या घरात आजारपण होतं, ही अंथरुणाला खिळलेली, हातात पैसा नाही. गवंडी म्हणाला, तात्पुरता पाइप सोडतो, महिनाभरानं काढू. मग ही गेली. महिनाभराची अकरा वर्षं झाली. आणि गंमत बघा, लोक विचारायला लागले की तुमची टाकी भरत कशी नाही, तेव्हा मी शिस्त म्हणालो. एकदा म्हणालो. मग म्हणतच राहिलो. शेवटी मला स्वतःलाही खरं वाटायला लागलं."

रविवारी संडासात कडी लावून धडधडलेली छाती पावतीबाईंना आठवली आणि जरा लाजल्यासारखं झालं.

"मी त्या बदकवाल्याकडे जाऊन सांगणार आहे," मास्तर म्हणाले. "त्याच्या नातवंडांसमोर."

"जा," पावतीबाई म्हणाल्या. "पण आधी इथे सही करा. नंतर त्यांनी तुम्हाला तळ्यात ढकललं तर माझी एक सही कमी व्हायची."

मास्तरांनी सही केली. पावती घेतली, दोनदा वाचली आणि त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवून दिली. मग ओढ्यावरच्या पुलाकडे चालायला लागले.

त्यांना कुणी तळ्यात ढकललं नाही. बदकवाल्यांनी आधी भरपूर आरडाओरडा केला, आणि मग ओरडून ओरडून दमल्यावर खुर्ची दिली. आपल्या मागच्या भिंतीतूनही एक पाइप तळ्याकडे जातो असं ते हळूच कबूल करून बसले. बिल्डरनंच टाकलेला, यांनी आजवर तिकडे काणाडोळा केलेला. त्यानंतरचे आठ दिवस ही जोडी वसाहतीत घरोघर हिंडली. मास्तर पुढे, बदकवाले मागे. मास्तर दार वाजवायचे आणि आधी स्वतःची सगळी हकीकत सांगायचे, न लाजता, तारखेवार. ते ऐकल्यावर समोरच्याला शहाजोगपणा करायला तोंडच उरायचं नाही. जुन्यांनी भरायचं की नव्यांनी, हा वादही मास्तरांनीच मिटवला. भरायचं सगळ्यांनी सारखंच. पण यापुढे जो नवीन घर बांधेल त्यानं जोडणीची रक्कम एकदम भरायची, आणि ती कर्जात वळती करून सगळ्यांचा हप्ता कमी करायचा. म्हणजे गाव वाढलं की आता कुणाच्या कपाळाला आठी पडणार नव्हती. उलट रिकाम्या प्लॉटवर विटा उतरताना दिसल्या की लोक आनंदानं एकमेकांना सांगायला लागले.

महिनाअखेर दोनशे एक्क्याण्णव सह्या झाल्या. इंजिनीअरबाईंनी पुडीबद्दल विचारलं तेव्हा पावतीबाई म्हणाल्या, "वापरली. एक चमचा म्हणालात, पण चमचा मोठा होता." इंजिनीअरबाई दोन आठवडे रुसल्या, मग हसल्या.

खोदकाम सुरू झालं. भाऊजींचा धंदा बसणार म्हणून पावतीबाईंना काळजी होती, तर कंत्राटदारानं त्यांनाच टँकरसह लाइन धुवायच्या कामावर ठेवलं. मास्तर रोज सकाळी काठी घेऊन चराच्या काठावर उभे राहायचे आणि जुने चोरपाइप निघतील तसे मोजायचे. पहिल्या पंधरा दिवसांत सतरा निघाले. प्रत्येक वेळी मास्तर काठीनं दाखवून विचारायचे, "हा कुणाचा?" आणि घरमालक मान खाली घालून पुढे यायचा.

एका मंगळवारी चर कार्यालयाच्या मागे पोचला. मजुरानं कुदळ मारली आणि खण्ण आवाज आला. एक जाडजूड, गंजलेला, चांगला हातभर रुंद लोखंडी पाइप थेट पावसाच्या गटारात शिरलेला होता. आजवर निघालेल्या सगळ्या पाइपांचा आजोबा शोभावा असा.

"हा कुणाचा?" मास्तरांनी काठी रोखली.

कुणीच पुढे आलं नाही. सगळ्यांनी पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडे नजर नेली, आणि ती नगर कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर जाऊन थांबली. तिथे संडासाची छोटी खिडकी होती, आणि त्या खिडकीत हात धूत उभ्या होत्या पावतीबाई.

पावतीबाई बाहेर आल्या. पाइप बघितला. बावीस वर्षांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोरून सरसरत गेला, आणि त्या मातीच्या ढिगाऱ्यावर मटकन बसल्या आणि हसत सुटल्या. हसू आवरेना. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले, काठीवर हनुवटी टेकवून. त्यांचेही खांदे हलत होते.

"विहीणबाई, कार्यालयाची सही झालीय का?"

"नाही हो! कुणाच्या लक्षातच आलं नाही!"

अध्यक्षांना बोलावलं गेलं. ते दुकानातून धावत आले, पाइप बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आता नोटीस कुणाला काढायची?"

"तुम्हाला," पावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणि टंकलिखित करून तुमच्याकडे आणणार मी. संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर संडासाला कुलूप."

कुलूप तसंही लागलंच, तीन आठवड्यांसाठी. तेवढे दिवस अख्खं नगर कार्यालय गरज पडली की पूल ओलांडून बदकवाल्यांकडे जायचं, कारण नव्या लाइनला पहिली जोडणी त्यांच्या घराची झाली होती. बदकवाले दारात खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "या या, एकच बादली हं!"